अनोळखी घरातली पंगत: समुद्रपूर तालुक्यातील एका शेतघरी रात्रीचे जेवण

परक्याच्या घरी पैसे देऊन जेवायला जायचे आहे, असे मी घरात सांगितले तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मंग ते खानावळच झालं नं?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर त्या वेळी माझ्याजवळ नव्हते. डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी मी, माझे पती आणि ७६ वर्षांच्या सासूबाई असे आम्ही तिघे नागपूरहून निघालो आणि वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात, एका शेतकरी कुटुंबाच्या घरी रात्रीचे जेवण करून परतलो. त्या जेवणाविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण ते मनापासून आवडले आणि त्यातील काही गोष्टी खटकल्याही. गावाचे व घराचे नाव मी घरमालकिणीच्या इच्छेनुसार लिहीत नाही. त्यांच्याकडे बाराच जागा असतात आणि तेवढी माणसे तोंडोतोंडी झालेल्या ओळखीतून सहज येतात. तरीही अशा जेवणाला जाण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांना काय पाहावे, काय विचारावे आणि कशाची अपेक्षा ठेवावी, हे कळावे म्हणून हा लेख.

या प्रकाराला हल्ली आपल्याकडेही 'सपर क्लब' म्हणतात. हा शब्द अमेरिकेत जुना आहे. तेथील विस्कॉन्सिन राज्यात १९३३ साली दारूबंदी उठल्यानंतर गावाबाहेरच्या रस्त्यांवर या नावाची भोजनगृहे भरभराटीला आली, पण ती अखेर भोजनगृहेच होती. घराच्याच खोलीत अनोळखी माणसांना पैसे घेऊन जेवू घालण्याची रीत म्हटली तर क्युबा अधिक जवळचा वाटतो. तेथे १९९३ नंतर घरगुती भोजनालयांना कायद्याची मान्यता मिळाली आणि सुरुवातीच्या काळात एका घरात १२ खुर्च्यांपेक्षा जास्त ठेवण्यास परवानगी नव्हती. आपल्याकडे परक्या घरी जेवण्याचे दोन प्रकार पूर्वापार चालत आले. शिकण्यासाठी गावाहून आलेला मुलगा सात वारी सात घरी वार लावून जेवत असे, त्या जेवणात उपकार होता आणि मुलाला तो शेवटपर्यंत लक्षात ठेवावा लागे. खानावळीत उपकार नव्हता, पण तेथे माणूस घर नसल्यामुळे जातो. आम्ही ज्या घरी गेलो तेथे यांपैकी काहीच नव्हते. उपकार नाही, कारण पैसे आधीच दिलेले होते. गरजही नाही, कारण जेवणारा प्रत्येक जण आपापल्या घरची चूल सोडून आलेला होता. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे जेवता जेवता मिळाले.

नोंदणी व्हॉट्सॲपवरून होते. महिन्यातून दोन शनिवार ठरलेले असतात, एक शाकाहारी आणि एक मांसाहारी. आम्ही शाकाहारी शनिवारी गेलो, त्यामुळे दुसऱ्याविषयी मी काही सांगू शकत नाही. दर माणशी ६५० रुपये, त्यातील अर्धी रक्कम आधी आणि उरलेली जेवण झाल्यावर द्यायची असते. काय रांधणार हे चार दिवस आधी कळवले जाते, मात्र त्यात निवड नसते. नोंदणी करताना तीनच गोष्टी विचारतात: नाव, किती माणसे येणार, आणि कोणता पदार्थ प्रकृतीला चालत नाही. मी सवयीने नाव आणि आडनाव दोन्ही लिहून पाठवले. त्यावर उत्तर आले, "फक्त नाव पुरे आहे जी." त्या वेळी ते वाक्य मी घाईत वाचून पुढे गेले. त्याचा अर्थ नंतर लक्षात आला, तो पुढे सांगते.

नागपूरहून हिंगणघाटच्या दिशेने राष्ट्रीय महामार्गाने जामपर्यंत रस्ता उत्तम आहे. जामवरून समुद्रपूरमार्गे गिरडच्या बाजूला वळल्यावर दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर. या दिवसांत कापसाची वेचणी चाललेली असते, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर संध्याकाळी घराकडे परतत असतात, त्यामुळे वाहन सावकाशच चालवावे लागते. शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता आहे, तेथे दिवा नाही की पाटी नाही. मोबाइलवर पाठवलेला नकाशा गावाच्या शिवेवर नेटवर्क गेल्याबरोबर बंद पडला. आम्ही अर्धा तास चुकलो आणि अखेर रखवालीला निघालेल्या एका शेतकरीदादांनी मोटारसायकल पुढे घालून आम्हाला घरापर्यंत पोचवले. रात्रीच्या जेवणाला दुरून येणारी माणसे वाट चुकणार हे यजमानांनी धरूनच चालायला हवे. वळणावर एक कंदील किंवा चुन्याने रंगवलेला एक दगड ठेवला असता तरी पुरे झाले असते.

घर जुने आहे. मातीच्या जाड भिंती, पुढे पडवी, मध्ये अंगण आणि अंगणाच्या एका कडेला चुलीची जागा. जेवणाची व्यवस्था पडवीत होती. सतरंजीच्या दोन पट्ट्या समोरासमोर अंथरलेल्या, त्यांच्यापुढे पाट आणि पितळी ताटे, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी भिंतीलगत एक टेबल व चार खुर्च्या. सासूबाईंना खाली बसता येत नाही हे मी आधी कळवले होते, म्हणून टेबलावरची एक जागा त्यांच्यासाठी राखून ठेवलेली होती. आमच्याशिवाय हिंगणघाटचे एक वयस्कर जोडपे होते, ताडोब्याला निघालेले पुण्याचे चौघांचे कुटुंब होते, नागपूरला नोकरी करणाऱ्या दोन मैत्रिणी होत्या आणि त्याच तालुक्यात कृषी सहायक म्हणून काम करणारा एक तरुण होता. घरमालकीण पन्नाशीच्या आसपासच्या. गावातील बाया त्यांना वैनी म्हणत होत्या, आम्ही पाहुणे काकू म्हणू लागलो. सगळे बसल्यावर त्या पडवीच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोनाले तिखट चालत नसन तर आताच सांगा जी, मंग रस्सा वेगळा काढता येईन." स्वागताचे भाषण एवढेच.

आता जेवणाकडे वळते, कारण लोक तेथे त्यासाठीच जातात आणि त्यासाठीच जावे.

पहिल्यांदा ताटात आला तो घोळाणा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून, बारीक चिरून, त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि कच्चे तेल घालून तो कालवतात. चुलीवर काहीच चढत नाही. शेंडे खुडल्याने हरभऱ्याला जास्त फुटवे येतात, म्हणून ही भाजी पिकाचे नुकसान न करता मिळते. तिची गोडी मात्र पानांवर सुटणाऱ्या आंबेत, म्हणजे आंबट दवात आहे. पाने जास्त धुतली की आंब निघून जाते आणि मग जो घोळाणा उरतो तो नुसता हिरवा चारा लागतो. शहरात भाजी तीन तीन पाण्यांतून काढावी लागते, त्यामुळे हा पदार्थ शहरात नीट होत नाही. येथे शेंडे दुपारी मागच्याच वावरातून खुडलेले होते आणि जिभेच्या कडेला आंबेची ती नेमकी चुणचुण होती. त्यावर जवसाचे घाण्याचे तेल घातले होते. जवसाचे तेल तीव्र वासाचे असते आणि लवकर खवट होते. त्याची सवय नसलेल्या पुण्याच्या मुलांनी तोंडे वाकडी केली. मला ते तेल वडिलांच्या ताटाची आठवण करून देऊन गेले, पण ती आठवण बाजूला ठेवूनही सांगते की ते ताजे होते आणि प्रमाणात होते. वर्ध्याच्या परिसरात घाण्याच्या तेलाचा आग्रह जुनाच आहे. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्याच्या मगनवाडीत उभा राहिला, तेव्हा गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ आणि गूळ यांसाठी अभ्यासपूर्वक बाजू मांडली होती. काकूंच्या घरी त्याची चर्चा झाली नाही. त्यांना ते तेल चवीला बरे वाटते म्हणून त्या वापरतात, आणि मला ते कारण पुरेसे वाटते.

त्यानंतर पाटोडीचा रस्सा आणि लांब रोटी. पाटोडी म्हणजे लसूण-मिरची लावून शिजवलेले घट्ट बेसन, जे ताटात थापून वर खोबरे आणि सांबार भुरभुरून शंकरपाळ्याच्या आकारात कापतात. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे बाहेरगावच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे, नाहीतर मोठा घोटाळा होतो. पाटोडी रश्शात केव्हा सोडायची यात सगळे कौशल्य आहे. फार लवकर सोडली तर ती विरघळून रस्सा पिठूळ होतो, वाढताना सोडली तर कोरडी राहते. काकूंच्या पाटोडीच्या कडा रश्शाने मऊ झाल्या होत्या आणि मधला भाग घट्ट होता, म्हणजे वेळ अचूक साधलेली होती. रश्शातील वाटण पाट्यावरचे होते. भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि खसखस यांचा मिळून एकच वास येत होता, सुटा सुटा नाही. तिखट भिवापुरी मिरचीचे. नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिचा तिखटपणा लगेच जाणवत नाही, घशापाशी गेल्यावर तो वर येतो. हळद समुद्रपूर तालुक्यातीलच वायगावची होती. वायगाव हळदीलाही मानांकन आहे आणि तिच्यात कर्क्युमिनचे, म्हणजे हळदीला रंग देणाऱ्या घटकाचे प्रमाण बाजारातल्या साधारण हळदीपेक्षा बरेच जास्त असते. कृषी सहायक तरुणाने तिच्याविषयी बरीच माहिती सांगितली, पण ताटातील रश्शाच्या कडेला उतरलेला गडद केशरी रंग पाहूनच तिची ओळख पटत होती. एक दोष स्पष्ट सांगते. रश्शात मीठ जास्त होते. थोडे जास्त नव्हे, चांगलेच जास्त. रोटीबरोबर ते झाकले गेले, पण नुसता रस्सा वाटीने पिण्याची आमची जी पद्धत आहे, ती त्या दिवशी कोणालाच पाळता आली नाही.

लांब रोटीविषयी मात्र मी कितीही लिहिले तरी थोडे वाटेल. या रोटीसाठी कणीक इतकी सैल भिजवतात की नवख्या माणसाला ती वाया गेली असे वाटावे. ती मीठ-पाण्याचा हात लावत बराच वेळ तिंबायची, आपटायची, ओढायची, तोपर्यंत ती रबरासारखी लवचिक होते. मग मूठभर गोळा दोन्ही हातांवर घेऊन, हात पुढे मागे करीत, कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर एका झटक्यात टाकायचा. अर्ध्या मिनिटात ती भाजून निघते. लाटणे लागत नाही, तवा लागत नाही, पीठही लावायचे नाही. काकूंच्या थोरल्या जाऊबाई हे काम करीत होत्या. अंगणात चुलीच्या उजेडात त्यांच्या हातांवर ती रोटी ओढणीसारखी पातळ होत जाताना दिसत होती आणि पडवीतील बोलणे आपोआप थांबत होते. रुमालासारखी घडी घालून ती ताटात पडली की दोन बोटांनी तुटते. गार झाल्यावर तिचे मऊपण टिकत असले तरी वास टिकत नाही, म्हणून ती चुलीपासून दहा पावलांच्या आतच खायला हवी. लग्नकार्यात आणि हल्ली मोठ्या हॉटेलांतही ती मिळते, पण तेथे ती डब्यात रचून ठेवलेली असते आणि ताटात येईपर्यंत वाफेने चिवट होते.

रोट्या वाढत होते ते काकूंचे पती आणि त्यांचा मुलगा. हे मी मुद्दाम नोंदवते. माझ्या माहेरी आणि सासरीही पुरुषांनी वाढायचे ते फक्त लग्नाच्या पंगतीत, घरात नव्हे. येथे दोघेही सराईतपणे वाकून, कोणाच्या ताटात काय संपले आहे ते पाहून वाढत होते. "अर्धी तरी घ्या जी, पोट भरलं म्हनता अन् ताट तर खालीच हाय," असा काकांचा आग्रह चाललेला असे. आग्रह एकदाच होत होता, नको म्हटल्यावर दुसऱ्यांदा नाही. वैदर्भी पाहुणचारात आग्रहाला सीमा नसते आणि पाहुणा कधी कधी त्याखाली दबून जातो. पैसे देऊन आलेल्या पाहुण्याला तसे दाबणे बरे नव्हे, हे त्यांना कोणी शिकवले असेल की अनुभवाने उमगले असेल, कोणास ठाऊक. ते तसे होते आणि सुखाचे होते.

साडेआठच्या सुमारास चुलीवरून मडके उतरले. जाऊबाईंनी हात धुतले, काकूंनी भाताचे पातेले आणून दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवले, शेजारी कढीचे गंज, तळलेल्या मिरच्यांचे ताट, तुपाची वाटी. मग दोघी जणी आपापली ताटे घेऊन आमच्याच ओळीत बसल्या. काकू म्हणाल्या, "आता भाताले ज्याचं त्यानं घ्या, आमी बी जेवतो." हा त्या घरचा नियमच आहे. रोटी संपेपर्यंत रांधणाऱ्या रांधतात, भाताला मात्र सगळे एका पंगतीत. सासूबाईंना ते सुधरेना. त्या खुर्चीवरून उठून डाव हातात घेऊ लागल्या, कारण यजमानीण बसलेली असताना आपण बसून वाढून घ्यायचे ही गोष्ट त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हती. काकांनी डाव त्यांच्या हातून अलगद घेतला आणि "तुमी बसा जी आई, वाढाले आमी हाओत" असे म्हणून त्यांचे ताट भरले. परतीच्या वाटेवर गाडीत सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लगन झाल्यापासून चुलीवरची गरम रोटी मी पंगतीत बसून कधी खाल्ली नव्हती." माझे पती त्यावर काही बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. आमच्या घरी चाळीस वर्षे त्यांनी सर्वांना गरम पोळ्या वाढल्या आहेत आणि त्यांतील वीस वर्षे खाणाऱ्यांत मीही होते.

तो भात सोलेभात होता. तुरीच्या हिरव्या शेंगांतून सोललेले ओले दाणे म्हणजे सोले, आणि ते डिसेंबर-जानेवारीतच मिळतात. एका पातेल्यासाठी लागणारे दाणे सोलायला दोन बायांची दुपार जाते. आले, लसूण आणि हिरवी मिरची ठेचून तेलात परतायची, त्यात सोले, थोडे आलू आणि वांग्याच्या फोडी, मग तांदूळ आणि आधणाचे पाणी. सोले अर्धवट शिजले तर दाताला उग्र लागतात आणि जास्त शिजले तर भात गचका होतो. येथे दाणा दाताखाली सहज फुटत होता आणि भाताचे शीत सुटे होते. वर तूप नव्हते घातले, ते ज्याने त्याने घ्यायचे होते, आणि तसेच असावे, कारण तुपाने सोल्यांचा हिरवा वास मरतो असे माझे मत आहे. कढी पातळ, आंबटसर, मेथीच्या फोडणीची. मी दोनदा भात घेतला. त्या रात्रीच्या ताटातील सर्वांत मोलाचा पदार्थ कोणता असे कोणी विचारले तर मी रोटीकडे एकदा पाहीन आणि सोलेभाताचे नाव घेईन.

गोडात कोहळ्याचे बोंडे, म्हणजे लाल भोपळा आणि गूळ घालून तळलेले गोड वडे होते. त्यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते आधी तळून ठेवले होते, गार झाले होते आणि त्यांत गूळ कमी पडला होता. इतक्या तिखट जेवणानंतर गोडाचा घास समाधान देणारा हवा, तेथे हे जेवण कमी पडले.

आता आडनावाविषयी. जेवताना हिंगणघाटच्या आजोबांनी, त्या पिढीच्या सवयीने आणि कोणत्याही वाईट हेतूशिवाय, शेजारच्या कृषी सहायकाला विचारले, "तुम्ही कोण म्हणायचे?" तरुण क्षणभर थांबला. काकू भात कालवता कालवता म्हणाल्या, "इथं सारे पाव्हणेच हायेत जी बाबा," आणि त्यांच्या ताटात मिरची ठेवली. आजोबांना समजले. ते ओशाळले, मग त्या तरुणाशी तुरीवरच्या अळीविषयी बोलू लागले आणि दोघांचे ते बोलणे शेवटपर्यंत चालू राहिले. नोंदणीच्या वेळी फक्त नाव पुरे आहे असे का म्हटले होते, ते मला तेव्हा कळले. ज्या वर्ध्यात १९२८ साली जमनालाल बजाज यांनी आपल्या कुटुंबाचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले आणि ज्या सेवाग्रामच्या आश्रमात सर्वांचे एकच स्वयंपाकघर होते, त्याच जिल्ह्यातील गावांत कोण कोणाच्या घरी पाणी पितो हे आजही बारकाईने पाहिले जाते. बाहेर हॉटेलात शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे हे आपण विचारत नाही, कारण तेथे कोणी कोणाशी बोलतच नाही. एका सतरंजीवर, एकाच पातेल्यातून भात घेत, बोलत बोलत जेवायचे आणि तरीही विचारायचे नाही, हे अवघड आहे. काकूंनी ते आधीच, नोंदणीच्या एका ओळीत, साधून ठेवले आहे. मला या जेवणाच्या ६५० रुपयांतील मोठा वाटा याच गोष्टीचा वाटतो.

ज्यांचा जाण्याचा विचार असेल त्यांच्यासाठी काही उणिवा नीट सांगायला हव्यात. चूल अंगणात असली तरी वारा पडला की धूर पडवीत भरतो. पुण्याच्या कुटुंबातील एका मुलीला दम्याचा त्रास होता आणि तिला मधेच उठून बाहेर जावे लागले. अशा पाहुण्यांची जागा चुलीपासून दूरच्या टोकाला असावी, तेवढे विचारणे नोंदणीत सहज जमण्यासारखे आहे. शौचालय एकच आहे, स्वच्छ आहे, पण घराच्या मागे आहे आणि वाटेवर दिवा नाही. सासूबाईंना नेताना मला मोबाइलचा उजेड धरावा लागला. पोरांचे पैसे किती याचा आधी उल्लेख नव्हता, त्यामुळे हिशेबाच्या वेळी पुण्याच्या कुटुंबाचा थोडा गोंधळ झाला. काकूंनी दहा वर्षांखालच्यांचे अर्धेच घेतले, तरी हे आधी लिहिलेले बरे. आणि एक तक्रार पाहुण्यांविषयी. रोटी मडक्यावर पडताना दोघा-तिघांनी इतक्या जवळून आणि इतक्या वेळा फोटो काढले की जाऊबाईंना हात आवरून थांबावे लागले. परक्या बाईच्या चुलीजवळ जाऊन तिला न विचारता फोटो काढू नये, हे वेगळे सांगावे लागू नये.

स्वच्छतेविषयी वाचकांच्या मनात शंका येईल, ती माझ्याही मनात होती. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी अन्न सुरक्षा नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली घरून अन्न विकणाऱ्या लहान व्यावसायिकांनाही नोंदणी करावी लागते आणि त्या नोंदणीचा क्रमांक १४ अंकी असतो. कोणत्याही अशा घरी जाताना तो क्रमांक विचारण्यात संकोच मानू नये, चांगल्या घरी त्याचा राग येत नाही. प्यायचे पाणी गाळून उकळलेले होते, तांब्याच्या भांड्यांत ठेवले होते आणि ओगराळ्याने काढून दिले जात होते. भांडी राखेने घासलेली व लख्ख होती. आम्हा तिघांपैकी कोणालाही, सासूबाईंच्या नाजूक पोटालाही, दुसऱ्या दिवशी काही त्रास झाला नाही.

६५० रुपये जास्त आहेत की कमी, यावर आमच्या घरी मतभेद झाले. माझ्या पतींच्या मते खेड्यातील शाकाहारी जेवणाला ते जास्त आहेत. माझा हिशेब वेगळा आहे. दोन बायांची दुपार सोले सोलण्यात गेली, दोन तास एक बाई मडक्यापाशी उभी राहिली, घाण्याचे तेल आणि वायगावची हळद स्वस्त मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घराला भांड्यांचा ढीग उपसायचा होता. आपण घरच्या बाईच्या स्वयंपाकाला कधी किंमत लावली नाही, म्हणून ती लावली की जास्त वाटते. जाण्यायेण्याचा खर्च धरला तर नागपूरच्या माणसाला हे जेवण महाग पडते, हे मात्र खरे. म्हणून दोन-तीन कुटुंबांनी मिळून एका गाडीने जावे. दिवसा निघाल्यास वाटेत गिरडचा डोंगर व दर्गा पाहता येतो आणि उजेडातच घर सापडते.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना फोन करून रश्शातील मिठाचे सांगितले. नातेवाइकांच्या घरी जेवून आल्यावर मी हे कधीच सांगितले नसते. त्या म्हणाल्या, "सांगितलं ते बरं केलं जी. वाटन दोघींनी केलं, मीठ बी दोघींनी टाकलं असन." मग त्यांनी सासूबाईंची चौकशी केली आणि फेब्रुवारीच्या शाकाहारी शनिवारी शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी करणार असल्याचे सांगितले. आम्ही तीन जागा तेव्हाच मागून घेतल्या. सासूबाईंनी माझ्या हातून फोन घेतला आणि आपल्या लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली तर चालेल का असे विचारले, कारण रिकाम्या हाताने जाणे त्यांना पटत नव्हते. पलीकडून आलेले उत्तर मलाही ऐकू आले. "आना जी आई, लोनचं आना. पन वाढाले उठाचं नाही."